हिरडा-बेहडा विकून रान राखता येतं का? (कोकणातली खाजगी जंगलं)

डोंगरकाठ
नमस्कार मंडळी.

संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याला आमचं सामाईक रान आहे. सातबाऱ्यावर नावांची रांग, त्यातली निम्मी मंडळी मुंबई-पुण्यात. रानात मोठे बेहडे आहेत, थोडे हिरडे, ऐन, किंजळ, जांभूळ, आणि ओढ्याकाठी रातांबे (कोकम). दर काही वर्षांनी लाकूडवाला येतो, उभ्या रानाचा एकरकमी सौदा ठरतो आणि पावसाच्या आत डोंगर बोडका होतो. यंदा तो पुन्हा आलाय. घरातल्या दोघांना पैशाची गरज आहे आणि ती गरज खरी आहे. एकाच्या मुलीचं शिक्षण आहे, दुसऱ्याच्या घराचं छप्पर. त्यांना "निसर्ग वाचवा" असं नुसतं सांगायला माझी जीभ रेटत नाही.

आमच्याच तालुक्यात पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन (एईआरएफ) ही संस्था बरीच वर्षं देवरायांवर आणि खाजगी जंगलांवर काम करते. जमीनमालकांशी झाडं न तोडण्याचा करार करायचा, पडलेली बेहड्याची फळं गावातल्या लोकांनी गोळा करायची, आणि 'फेअरवाइल्ड' (रानातला माल रान जपून काढल्याचं) प्रमाणपत्रासह ती चांगल्या भावाने विकायची, अशी त्यांची पद्धत. पक्का हर्ब्स ही इंग्लंडमधली हर्बल चहा करणारी कंपनी हा माल घेते. जुन्या बेहड्यांच्या ढोलीत महाधनेश आणि ककणेर हे धनेश पक्षी घरटी करतात, म्हणून झाडं उभी राहण्याला दुहेरी अर्थ आहे.

माझं मत असं, की रानाला उभ्याने उत्पन्न मिळालं तरच ते टिकेल. पण घरच्यांपुढे हे मांडण्याआधी अनुभवी माणसांकडून ऐकायचं आहे. रानातला माल विकून खरंच रान राहिलं, असं कुणी पाहिलंय का? आणि कुठे फसलं, तेही सांगा.

वाचनमात्र
चांगला विषय. वाखूसा (वाचनखूण साठवली).

घाटमाथा
दादा, मी आंबेगाव तालुक्यातला, भीमाशंकरच्या अंगाचा. आम्ही महादेव कोळी. आमच्याकडं भात पोटाला आणि हिरडा खर्चाला. शाळेची फी, बी-बियाणं, लग्नातला आहेर, दवाखाना, सगळी रोकड हिरड्याची.

आमचा माल म्हणजे बाळहिरडा. फळात बी धरायच्या आत, कोवळं असतानाच उन्हाळ्यात काढायचं. गडी माणूस झाडावर चढतो, बाया खाली येचतात. मग खडकावर पसरून वाळवायचं. चांगलं ऊन लागलं की माल काळाभोर आणि खडखडीत होतो. वळीव आला की धावपळ, भिजलेल्या मालाला बुरशी धरली की येपारी हात लावत नाही.

कुठलं झाड कुणाचं, हे कागदावर नसलं तरी गावाला तोंडपाठ आहे. बांधावरचे, मालकीच्या रानातले, वनखात्याच्या हद्दीतले, सगळे हिरडे वाटलेले आहेत. आणि हिरड्याला कुऱ्हाड लावायची भाषा कुणी केली तर म्हातारी माणसं अंगावर येतात. लाकडाचा माणूस आमच्याकडंही आला होता. पण ज्या झाडावर बापानं घर चालवलं ते विकायला हात धजत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या आणि जुन्नरच्या भागात हिरडे मुळासकट पडले. भात गेलं तर पुढल्या साली परत येतं. हिरडा पडला तर आता लावलेला नातवाच्या कामी येणार. नुकसानभरपाईत पिकं होती, घरं होती, रानातल्या झाडाचं काय हे कुणालाच सांगता येईना. लोकांना त्यासाठी मोर्चे काढावे लागले.

तर तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: आमच्याकडं रान राहिलंय ते हिरड्यामुळं.

हिशेबनीस
घाटमाथा, प्रतिसाद मनापासून आवडला. पण धागाकर्त्याने निर्णय घेण्याआधी दुसरी बाजू ऐकावी, म्हणून लिहितो.

एक, लाकूडवाला आज हातात गठ्ठा ठेवतो. बेहडा दरवर्षी थोडं थोडं देतो, आणि तेही कुणीतरी वेचलं, वाळवलं, पोचवलं तर. छपराला पैसे आत्ता हवे असलेल्या माणसाला दहा वर्षांत मिळून जास्त होतील, हे सांगून उपयोग नाही.

दोन, एखाद्या रानमालाला मोठा भाव आला की त्याची लागवड सुरू होते, आणि रानाचं महत्त्व संपतं. रबराचं हेच झालं. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम ॲमेझॉनमधून रबराचं बी इंग्लंडला घेऊन गेला, त्यातून मलाया आणि सिलोनमध्ये मळे उभे राहिले, आणि १९१० नंतर ब्राझीलच्या रानातल्या रबराचा बाजार कोसळला. रबराच्या पैशावर संगीत नाटकांचं भव्य थिएटर बांधणारं मनौस शहर काही वर्षांत डबघाईला आलं.

तीन, लागवड झाली नाही तर ओरबाडणं होतं. भाव कमी असला तर कुणी गोळा करत नाही, जास्त असला तर सगळेच तुटून पडतात. या दोन्हींच्या मधला टप्पा फार अरुंद आहे.

राधानगरीकर
तिसऱ्या मुद्द्याला एकच शब्द: नरक्या.

शेवरी
राधानगरीकरांनी बरोबर जागी बोट ठेवलं. बऱ्याच जणांना माहीत नसेल म्हणून सविस्तर लिहिते, मी वनस्पतीशास्त्र शिकवत होते.

नरक्या हे घाटातलं लहानसं सदाहरित झाड. फुलांना घाण वास येतो, म्हणून हे नाव. महाबळेश्वर, कोयना, चांदोली, राधानगरी, आंबोली अशा पट्ट्यात मिळतं. १९७२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी या झाडात कॅम्प्टोथेसिन असल्याचं दाखवलं. या द्रव्यापासून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कर्करोगाची औषधं होतात. म्हणजे झाड खरोखर मोलाचं. पण बाजारात माल जातो तो फळाचा नाही, खोडाचा आणि मुळांचा. त्यामुळे माल काढणं म्हणजे झाड मारणं. रातोरात खोडं तोडून, तुकडे करून पोत्यांत भरून ट्रक जायचे. तोडलेल्या बुंध्याला धुमारे फुटतात हे खरं, पण त्यांना वाढायला वेळच दिला गेला नाही, आणि अनेक ठिकाणी तर मुळंही खणून नेली.

तेव्हा डोंगरकाठ, पहिला प्रश्न हा विचारायचा: झाडाचा कोणता भाग विकला जातो? पिकून पडलेलं फळ, मध, पान, साल, मूळ, या क्रमाने धोका वाढत जातो. बेहडा या बाबतीत सगळ्यात सुरक्षित. उंच झाड, चढायची सोय नाही, फळं थंडीत आपोआप खाली पडतात. वेचणाऱ्याच्या हातून झाडाला ओरखडासुद्धा येत नाही.

घाटमाथा, तुमच्या बाळहिरड्याबद्दल मात्र मला एक काळजी आहे, रागावू नका. बी धरायच्या आत सगळं फळ काढलं तर नवीन रोप येणार कुठून? तुमच्या भागात हिरड्याची तरणी झाडं दिसतात का?

घाटमाथा
ताई, रागावायचं काय त्यात. बरोबर बोललात. म्हातारे हिरडे भरपूर, पोरसवदा कमी. पण सगळंच फळ निघत नाही. शेंड्याला हात पोचत नाही, दरीकडच्या फांदीवर कुणी जात नाही. ते पिकून खाली येतं. खरी अडचण त्याच्या पुढं आहे. आलेलं रोप गुरं खातात, नाहीतर वणव्यात जातं. आम्ही चार-पाच घरांनी मिळून रोपांभोवती काटेरी फांद्या रोवायला सुरुवात केलीय. पिकलेला मोठा हिरडाही विकला जातो, पण त्याचा भाव बाळहिरड्याच्या पासंगालाही पुरत नाही. तो भाव सुधारला तर लोक आपणहून थोडं फळ झाडावर पिकू देतील.

गावकूस
बेहड्याच्या संरक्षणाची खरी यंत्रणा अजून कुणी सांगितली नाही. आमच्या गावात बेहड्यावर भूत असतं! तिन्हीसांजेला त्याच्याखालून कुणी जात नाही, तोडणं तर लांबच. नळराजाच्या गोष्टीत कली त्याच्या अंगातून निघून बेहड्यातच शिरला ना, तेव्हापासून ही बदनामी. वनखात्याला पगार द्यावा लागतो, भूत फुकटात राखण करतं. :)

शेवरी
गावकूस, हसले. पण यात तथ्य आहे. देवराया अशाच टिकल्या. देवाचं रान म्हणून फांदीही न तोडणारी गावं मी पाहिली आहेत. दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्ड्याला रानजायफळाची दलदल आहे, आपल्या राज्यात फारच दुर्मीळ असं जंगल, तेही देवराई म्हणूनच हाती लागलं. गोव्यात सत्तरीतल्या निरंकाराच्या राईचंही तेच.

तिरफळ
अवांतर होतंय, पण रानमाल म्हटल्यावर मला गप्प बसवत नाही. आमच्या सिंधुदुर्गात तिरफळांच्या झाडाला खोडभर काटे, तरी पोरं चढतात. हिरवे घोस काढून उन्हात टाकायचे, बी उडून जातं आणि टरफल राहतं. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळां नाय तर ती कढी खावची कित्याक? मुंबईत मूठभर तिरफळांना जो भाव देतात तो काढणाऱ्याला सांगितला तर त्याचा विश्वास बसत नाही.

आणि रातांब्याबद्दल. डोंगरकाठ, ओढ्याकाठचे रातांबे अजिबात घालवू नका. साल मिठात आणि रसात घोळवून पुन्हा पुन्हा वाळवली की आमसुलं, रसाचं आगळ, आणि बियांचं भिरंडेल. फळाचं काहीच वाया जात नाही. फक्त तोडणी आणि पहिला पाऊस यांची शर्यत असते. जोरदार पाऊस आधी आला की अर्धं पीक झाडाखाली कुजतं.

शेवरी
तिरफळ यांना जोड: रातांब्यात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. नराला फळ धरत नाही, म्हणून "वांझ झाड" समजून लोक ते तोडतात आणि मग बाकीच्या झाडांना फळ का कमी झालं म्हणून विचारात पडतात. डोंगरकाठ, फळ न येणारा रातांबा दिसला तर राहू द्या.

तिरफळ
अगो बाय! आमच्या परसातला एक असाच तोडलाय सासऱ्यांनी. आज घरात सांगते.

कारवारी
शिरसी-सिद्दापूर भागात उप्पगे आहे, रातांब्याचंच भावंड. १९९० च्या दशकात वजन कमी करण्याच्या औषधांसाठी परदेशातून मागणी आली आणि भाव एकदम चढला. तेव्हा जे घडलं ते डोळ्यांदेखत पाहिलंय. "मी नाही काढलं तर दुसरा काढेल" म्हणून लोक कच्चीच फळं उतरवू लागले, कुणी तर फांद्याच तोडल्या. शिवाय हे फळ भर पावसात येतं, ऊन नसतं, मग भट्टीवर वाळवायचं. म्हणजे रानमाल वाळवायला रानातलंच लाकूड जाळायचं. नंतर कमी लाकडात चालणाऱ्या भट्ट्या आल्या, त्यांनी बराच फरक पडला.

पण एक गोष्ट बघा. ज्या शेतकऱ्यांच्या स्वतःच्या ताब्यातल्या बेट्ट्यात (सुपारीच्या बागेसाठी पालापाचोळा आणायला दिलेलं रान) उप्पगे होतं, तिथे फळ पिकेपर्यंत थांबायला मालकाला परवडत होतं. उघड्या, सगळ्यांच्या रानात कुणीच थांबलं नाही.

हिशेबनीस
कारवारी, हा या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. थांबायला परवडणं हा कळीचा मुद्दा आहे. मी वर अरुंद टप्पा म्हणालो तो रुंद करायचा असेल तर झाड कुणाचं हे आधी ठरलेलं हवं.

सातबारा
आता माझ्या प्रांतात आलात. झाड कुणाचं, हे भारतात तीन वेगवेगळ्या खिडक्यांवर ठरतं, म्हणून गोंधळ.

सरकारी वनजमिनीवर २००६ चा वनहक्क कायदा लागतो. त्याच्या कलम ३(१)(ग) प्रमाणे गौण वनोपज (लाकूड सोडून रानातला इतर माल, त्यात बांबूही) गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा मालकीहक्क आदिवासी आणि इतर पारंपरिक वननिवासींना आहे. अभयारण्यातही तो संपत नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण भीमाशंकर १९८५ पासून अभयारण्य आहे. कर्नाटकातल्या बिळीगिरीरंगन टेकड्यांत सोलिगा आदिवासींवर मध, आवळा गोळा करायला बंदी आली होती, आणि २०११ मध्ये वनहक्क मान्य झाल्यावर त्यांना तो अधिकार परत मिळाला. आपल्याकडे गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) ने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. तोवर "बांबू हे झाड की गवत" यावर फायली फिरत होत्या.

वाचनमात्र
मेंढा लेखाचं जंगल पानगळीचं आहे ना? इथे सदाहरित रानाबद्दल चाललंय.

सातबारा
मान्य. जंगल वेगळं आहे, पण हक्काचा रस्ता तोच.

आता डोंगरकाठ यांचं रान. ते खाजगी आहे, त्यामुळे वनहक्क कायद्याचा संबंध नाही. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वनक्षेत्र अगदी थोडं, बहुतेक जंगल लोकांच्या सातबाऱ्यावर आहे. फळ तुमचं, झाड तुमचं. फक्त तोडायचं म्हटलं तर महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ आहे. त्याच्या अनुसूचीत हिरडा, ऐन, किंजळ, जांभूळ, आंबा, फणस वगैरे आहेत. परवानगीशिवाय ती तोडता येत नाहीत. लाकूडवाल्याने "कागदपत्रांचं मी बघतो" म्हटलं तरी जबाबदारी मालकाचीच राहते, हे घरच्यांना सांगा.

तुमची खरी अडचण सामाईक मालकीची. एका हिस्सेदाराने फळांचा करार केला आणि दुसऱ्याने लाकडाचा, तर भांडण कोर्टात जाईल. आधी आपापसात लेखी ठरवा.

सातासमुद्रापार
कामाच्या निमित्ताने मी ब्राझीलमध्ये राहिले आहे, म्हणून हिशेबनीस यांच्या रबराच्या मुद्द्याला पुढचा भाग जोडते.

बाजार कोसळला तरी रबर काढणारी कुटुंबं आक्रे प्रांतात रानातच राहिली. १९७०-८० च्या दशकांत गुरांच्या कुरणांसाठी जंगल साफ करायला मोठे जमीनदार आले तेव्हा या कुटुंबांनी बायकापोरांसह झाडांपुढे उभं राहून तोड अडवली. त्यांचा पुढारी शिको मेंदेस. २२ डिसेंबर १९८८ ला शापुरी गावात त्याच्या घराच्या मागच्या दारात त्याला गोळी घातली. पण त्याच्या चळवळीची मागणी १९९० मध्ये प्रत्यक्षात आली. जमीन सरकारची, वापराचा हक्क तिथे राहणाऱ्यांचा, आणि माल काढायचा तो जंगल उभं ठेवून. अशा राखीव क्षेत्रांपैकी एकाला त्याचंच नाव आहे आणि ते साडेनऊ लाख हेक्टरांच्या आसपास आहे.

तिथे रबराबरोबर मुख्य माल म्हणजे ब्राझील नट. या झाडाची गंमत अशी की त्याचं जड, झाकणाचं फूल उघडायला अंगाने दणकट रानमाशी लागते. आजूबाजूला जंगल नसेल तर माशा नसतात आणि फळ धरत नाही. जमिनीवर पडलेलं टणक फळ फोडून बिया पुरतो तो अगूती नावाचा, सशाएवढा कुरतडणारा प्राणी. बिया विसरला की झाड उगवतं. म्हणून जगभर विकला जाणारा हा मेवा आजही जवळजवळ सगळा रानातून येतो. हिशेबनीस, लागवड प्रत्येक मालाला गिळत नाही.

पण तुमची काळजी खोटीही नाही. बेलें शहराच्या वेर-ओ-पेझू बाजारात पहाटे असाईच्या टोपल्यांचे डोंगर लागतात. ताडाच्या जातीच्या झाडाचं हे जांभळं फळ जगात लोकप्रिय झालं आणि नदीकाठच्या लोकांना चांगले पैसे मिळाले. त्याचबरोबर पूरमैदानातल्या रानात लोक इतर झाडं काढून फक्त असाई ठेवू लागले. लांबून सगळं हिरवंगार दिसतं, पण आतलं वैविध्य कमी होत जातं. आक्रेतही कुरणं वाढलीच, राखीव क्षेत्राच्या आतसुद्धा, कारण नटाचे पैसे हंगामात मिळतात आणि गाय कधीही विकता येते.

हिशेबनीस
"गाय कधीही विकता येते." हेच मी लाकूडवाल्याबद्दल म्हणत होतो. अडीअडचणीला लगेच रोकड देणारं साधन ज्याच्याकडे आहे त्याच्याशी स्पर्धा आहे.

घाटमाथा
साहेब, तुमचं सगळं पटतं, पण एक सांगतो. आम्हाला अडचणीला रोकड कोण देतो? येपारीच देतो, पावसाळ्यात उचल. मग हिरडा त्यालाच, त्याच्याच काट्यावर, त्याच्याच भावानं. सरकारी खरेदी केंद्र कधी उघडतं, कधी नाही, आणि उघडलं तर पैसे खात्यात यायला वाट बघावी लागते. ज्याला उद्या बी आणायचंय तो थांबत नाही. हिरड्याला भाव नाही असं नाही, भाव थांबणाऱ्याला आहे. आमच्या बचतगटातल्या बायांनी गटातूनच उचल द्यायला सुरुवात केली आणि त्या मोसमात कितीतरी घरांचा माल वाळवून, निवडून, एकत्र विकला गेला. येपाऱ्याला आमच्या काट्यावर यावं लागलं.

हिशेबनीस
घाटमाथा, हे मला माहीत नव्हतं आणि हे फार महत्त्वाचं आहे. मी फक्त फळाचा भाव बघत होतो. उचलीची सोय आधी, प्रमाणपत्र नंतर.

वैद्यबुवा
घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो. माझी चिकित्सा आहे आणि औषधं स्वतः करतो. बाजारात मिळणारा बेहडा पुष्कळदा ओलसर, कीड लागलेला, बियांसकट कुटलेला असतो. त्रिफळ्यात फळाची साल हवी, बी नको. शहापूरच्या कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून, सुकवून कंपन्यांना विकायला सुरुवात केली तेव्हा माल कुठला, कधी काढला, हे सांगणारा माणूस समोर आला. अशा मालाला मी आनंदाने जास्त पैसे देतो. माझ्यासारखे अनेक वैद्य आहेत. सगळ्यांनाच परदेशी प्रमाणपत्र लागत नाही, माल स्वच्छ आणि माणूस ओळखीचा असला तरी पुरतं.

मधमाशी
महाबळेश्वरजवळच्या मांघरचं नाव निघालं नाही अजून. २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. तिथल्या सातेरी माश्यांच्या पेट्या जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या फुलोऱ्यावर चालतात, आणि कारवी फुलली की त्या वर्षीचा मध वेगळाच. मध हा असा माल आहे की झाडाची एक फांदी कमी झाली तरी उत्पन्नात कळतं. डोंगरकाठ, तुमच्या रानात जांभूळ आहे म्हणालात ना? पेट्यांचा विचार करा. हाताळणी शिकून घ्या मात्र.

संपादक
चर्चा उत्तम चालू आहे. धागाकर्त्यांनी पुढचं कळवावं, अशी विनंती.

डोंगरकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. घरच्यांना हा धागा वाचून दाखवला, अगदी मोठ्याने. रविवारी सगळ्यांची बैठक झाली, मुंबईची मंडळी फोनवर होती.

सातबारा यांच्या मुद्द्याने पहिला परिणाम झाला. परवानगीची जबाबदारी मालकावर राहते हे कळल्यावर लाकूडवाल्याच्या सौद्याकडे बघण्याची नजर बदलली. दुसरं, हिशेबनीस यांची गोष्ट मी लपवली नाही. छपराला पैसे आत्ता हवेत हे धरूनच बोललो. शेवटी असं ठरलं की शहरात राहणाऱ्या आम्ही हिस्सेदारांनी मिळून छपराची रक्कम बिनव्याजी द्यायची, आणि ती फळांच्या उत्पन्नातल्या छपरावाल्याच्या हिश्श्यातून हळूहळू वळती करायची. लाकडाचा सौदा पाच वर्षं करायचा नाही, असं सर्वांच्या सह्यांनी लिहायचं. मुलीच्या शिक्षणाचा मार्ग अजून निघालेला नाही, तो भाऊ नाराज आहे, आणि त्याची नाराजी मला रास्त वाटते. त्याच्यासाठी रातांब्याचं काही होईल का ते बघतो आहोत, कारण ते पैसे नेमके जूनच्या आधी मिळतात.

एक गोष्ट रानात फिरताना लक्षात आली. सगळ्यात म्हातारे, पोकळ बेहडे लाकूडवाला जवळजवळ फुकट धरतो, कारण त्यात लाकूड कमी. फळाचा सडा त्यांच्याखाली सगळ्यात मोठा, आणि एका ढोलीच्या तोंडाशी चिखल लिंपल्याची जुनी खूणही दिसली. महाधनेशाची असेल का?

आता प्रश्न कामाचे. फळं वेचणार कोण? घरात तरणी माणसं कमी. वाडीतली धनगर कुटुंबं पूर्वीपासून आमच्या रानात गुरं चारतात. त्यांना विचारलं तर निम्म्या वाट्याने वेचायला तयार आहेत. हे योग्य आहे का?

घाटमाथा
वेचणाऱ्याला निम्म्याहून जास्त द्या दादा. वेचणं, वाहणं, वाळवणं, फोडणं, सगळी मेहनत त्यांची. आणि तेच लोक रानात रोज असतात. वणवा लागला तर आधी तेच धावतील. वाटा चांगला असला तर रोपंही राखतील.

शेवरी
धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते तेव्हा फटीपुरती जागा ठेवून ढोलीचं तोंड लिंपलं जातं, त्यामुळे शक्यता आहे. कोणत्या धनेशाची, हे नुसत्या लिंपणावरून सांगता येणार नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये लांबून, शांत बसून बघा. झाडाखाली वर्दळ नको. त्या झाडाखालचं वेचणं घरटं सुरू होण्याआधी आटपा.

सातबारा
वेचणाऱ्यांशीही साधा लेखी कागद करा, वाटा आणि हंगाम लिहून. पुढे एईआरएफसारख्या संस्थेशी बोलायचं झालं तर झाडांची मोजणी, किती फळ काढलं, कुणी काढलं, हे त्यांना लागेलच. आत्तापासून वहीत नोंद ठेवा.

वैद्यबुवा
वाळवण्याबद्दल लिहून ठेवा: वेचलेलं फळ त्याच दिवशी पसरायचं, पोत्यात रात्रभर कोंडायचं नाही. मातीवर न टाकता मांडवावर किंवा ताडपत्रीवर पातळ थर. भेगाळलेली, किडकी फळं वेगळी काढा. पूर्ण वाळल्यावर फोडून बी काढा, नुसती साल द्या. पहिला माल निघाला की थोडा नमुना मला पाठवा, निरोप करतो.

तिरफळ
आणि आमसुलां झाली की माका पण कळवा. पावसाआधी.